आधी सरांची नळी

आमच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी साठतात, रक्ताचे नमुने आणि किस्से. नमुने फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात, त्यांना लेबल लावावं लागतं, आणि लाईट गेली की त्यांच्यासाठी आमचा जीव टांगणीला लागतो. किस्स्यांचं तसं नाही. ते अदिलाबादच्या मे महिन्यातसुद्धा उघड्यावर टिकतात, उलट दर वेळी सांगताना थोडे फुगतात! लॅबचं नाव मी सांगणार नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

आमचे प्रमुख म्हणजे कोंडावार सर. हृदयाला आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या कशा तुंबतात, हा त्यांचा विषय. कोलेस्टेरॉलबद्दल आता पानठेल्यावरसुद्धा लोक बोलतात. सरांचा जीव मात्र ताणाच्या प्रोटीनांवर जडलेला आहे.

ते सगळ्यांना समजावतात ते असं. शरीरातल्या पेशीवर ताण आला, मग तो उष्णतेचा असो, बिडीच्या धुराचा असो नाहीतर बीपीचा, की पेशी एक प्रोटीन बनवते. पडझड सांभाळून घ्यायची, हे त्याचं काम. गंमत अशी की जंतूंच्या अंगातही जवळपास तसंच प्रोटीन असतं. आपली प्रतिकारशक्ती जंतूंना बडवायला शिकलेली. ती आपल्याच रक्तवाहिनीच्या अस्तरावर तसलाच चेहरा बघते आणि घरच्या माणसालाच धरून हाणते. मग तिथे सूज, सुजेवर चरबी, आणि नळी अरुंद. हे दुखण्याचं कारण किती आणि दुखण्याबरोबर येणारी गोष्ट किती, हे अजून कुणालाच ठाम सांगता येत नाही. म्हणून तर आम्ही गावोगाव रक्त मागत फिरतो.

सरांचा एक नियम आहे. समजावून झालं की समोरच्या माणसानं ते सगळं स्वतःच्या शब्दांत उलट सांगायचं. "उलट सांगितल्याशिवाय सुई नाही!" आमचे टेक्निशियन रफीकभाई सुई घेऊन तयार असतात, मी वही-पेन घेऊन तयार असते, आणि सर विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसे कान देऊन बसतात. आमचे बहुतेक किस्से याच नियमाच्या पोटी जन्मले आहेत.

*

पहिले आले अण्णा देशमुख. तहसीलमधून पेशकार म्हणून रिटायर झालेले. डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे मामला असा आहे. घराला आग लागली. शेजारी बादली घेऊन धावला. तेवढ्यात चौकीदार आला आणि त्यानं शेजाऱ्यालाच धरलं, कारण मागच्या चोराचं नाक असंच होतं. बरोबर?"

सर खुर्चीतून उठले. "शंभरपैकी शंभर! रफीकभाई, घ्या रक्त."

"थांबा," अण्णा म्हणाले, "पंचनामा न करता चौकीदारानं हात टाकलाच कसा? त्याला आधी सस्पेंड करा."

सरांनी समजावलं की प्रतिकारशक्तीला सस्पेंड केलं, तर माणूस साध्या सर्दीनं जाईल.

अण्णांनी तोड काढली. "मग बदली करा. तिकडे जंगलात, उटनूरला टाका!"

*

मे महिन्यात तर सरांना चेवच येतो. ही प्रोटीनं शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडली ती पेशींना उष्णता दिल्यावर, हे ते घाम पुसत पुसत सांगतात. एका दुपारी त्यांच्यासमोर भांड्यांचे एक व्यापारी बसले होते. लॅबचा एसी बंद, पंखा गरम हवा फेकतोय, आणि सर सांगतायत की पेशीवरचा ताण वेगळा आणि मनावरचा ताण वेगळा.

व्यापारी शांतपणे म्हणाले, "सर, टेन्शन जर पेशी घेऊन राह्यली, तर मी काऊन घेऊ?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रफीकभाईंकडे पाहिलं. रफीकभाईंनी व्यापाऱ्यांची बाही वर केली आणि म्हणाले, "सर, ये पास है."

*

त्याच महिन्यात एकदा लाईट गेली ती आलीच नाही. जनरेटरनंही मान टाकली. फ्रीजरमधले नमुने वितळले असते तर कित्येक गावांमधली मेहनत पाण्यात गेली असती. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. रफीकभाईंनी मात्र नमुन्यांचा स्टीलचा डबा सीलबंद केला, स्कूटरवर टाकला आणि चौकातल्या आईस्क्रीमवाल्याकडे नेला. त्याचा जनरेटर लग्नाच्या मांडवाला पुरेल एवढा मोठा. त्यानं एक आख्खा डीप फ्रीजर आम्हाला रिकामा करून दिला.

नमुन्यांना राखण म्हणून रफीकभाई तिथेच स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. त्यानं सगळे फ्लेवर विचारले आणि शेवटी काचेतून दिसणाऱ्या आमच्या डब्याकडे बोट दाखवलं. "और वो कौन सा है?"

मालकानं मान वर न करता सांगितलं, "वो तुम्हारे काम का नहीं. बिना शक्कर का है."

रफीकभाईंना चुकीची माहिती अजिबात खपत नाही. ते स्टूलवरूनच ओरडले, "नहीं भाई! आधों में शक्कर है!"

*

आमच्या तपासणीत तोंडही बघतात. हिरड्यांमध्ये जंतू घर करून बसले की प्रतिकारशक्ती त्यांच्याशी सतत भांडत राहते, आणि त्या भांडणात रक्तवाहिनीलाही फटके बसत असावेत, असा सरांना संशय. म्हणून प्रत्येकाला विचारायचं, दात हलतात का, हिरड्यांतून रक्त येतं का.

नार्नूरचे एक आजोबा रांगेत शेवटचे होते आणि त्यांची नजर सारखी घड्याळाकडे. त्यांची पाळी आली. सर म्हणाले, "आजोबा, तोंड उघडा, दात बघायचेत."

आजोबांनी तोंड उघडलं, वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही सरांच्या हातावर ठेवल्या आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "तुमी पाहा निवांत. मी तवर चा पिऊन येतो."

आणि गेले! सर दोन्ही हातांत दात घेऊन उभे. चहा पिता पिता नार्नूरची बस लागली, आजोबा बसले आणि बस निघूनही गेली. रफीकभाईंना पुढच्या बसनं दात घेऊन नार्नूर गाठावं लागलं. आजोबांनी दात बसवले, चावून पाहिले आणि विचारलं, "मंग? पास झाले का?"

*

आता जरा गंभीर होते, कारण पुढचे किस्से सगळे एकाच गोष्टीचे आहेत.

तामसीजवळच्या एका गावात आम्ही मानेचा स्कॅन घ्यायला गेलो होतो. मानेतल्या रक्तवाहिनीवर मशीन फिरवलं की तिच्या भिंतीची जाडी पडद्यावर दिसते. दुखत नाही, टोचत नाही, फक्त थंडगार जेल लागतं. पण पहिलं कोण झोपणार? पुरुष मागे सरकले, बायका त्यांच्याही मागे. गावात भाजी पिकवणाऱ्यांची घरं जास्त. त्यांच्यातल्या सरूबाई गुरनुले सगळ्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून उभ्या. वांगी आणि मेथी घेऊन रोज पहिल्या बसनं अदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाजीबाजारात, येणारी ही बाई. तिच्याशी भाव करायची हिंमत मी एकदाच केली होती.

"आदी तुमी झोपा सायेब," सरूबाई म्हणाल्या, "मंग आमी."

सर हसले आणि शर्टाचं वरचं बटण काढून झोपले. मशीन माझ्या हातात होतं. उजवी बाजू ठीक दिसली. डावीकडे आले आणि माझा हात थांबला. भिंतीला चिकटलेला एक पांढरट उंचवटा पडद्यावर स्वच्छ दिसत होता. ज्या गोष्टीवर सर आयुष्यभर बोलत आले, ती त्यांच्याच मानेत बसली होती. मी पटकन पडदा वळवायला गेले, पण आख्खं गाव माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं.

"हे पांढरं काय हाये वो मॅडम?" सरूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"काही नाही काऊन? आमच्या ठिबकच्या नळीत असाच क्षार बसते. मंग शेवटच्या झाडाले पानी भेटत नाही, झाड वायते." मग सरांकडे वाकून त्यांनी मोठ्यानं विचारलं, जणू ते बहिरेच आहेत, "सायेब, तुमाले धाप लागते का?"

सर झोपल्या झोपल्या म्हणाले, "जिना चढताना. थोडी."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! ना मला, ना रफीकभाईंना.

*

परतताना सर जीपमध्ये पुढे बसले. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "छातीवर दडपणही येतं. घरी तुमच्या वहिनींना सांगू नका."

मानेत साठलं की हृदयाच्या नळ्यांतही साठलेलं असू शकतं, म्हणून मी आणि रफीकभाईंनी पाठपुरावा करून त्यांना एका हृदयाच्या डॉक्टरांकडे ढकललं. त्यांनी ट्रेडमिलवर चालवलं आणि मशीन लगेच थांबवलं. "नागपूरला जा आणि अँजिओग्राफी करा. उशीर नको," असं बजावलं.

सर गेले नाहीत. रोज नवीन कारण. आधी नमुन्यांची दुसरी फेरी होऊ दे. आधी पेपर जाऊ दे. एकदा तर म्हणाले, "मॅडम, या प्रोटीनांविरुद्ध रक्तात बनणाऱ्या काही अँटीबॉडी माणसाला वाचवतही असतील. माझ्या तशा असतील तर?" आणि मग स्वतःचंच रक्त काढून घेतलं, तपासलं. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा तपासलं. तोही आवडला नाही.

तिसऱ्यांदा बाही वर करून बसले, तेव्हा रफीकभाईंनी सुई खाली ठेवली. "सर, अब क्या बदल के देखना है? मशीन, या आदमी?"

सर हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "मला भीती वाटते रे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. रफीकभाईंनी त्यांची बाही हळूच खाली केली आणि बटण लावून दिलं.

*

वहिनींना शेवटी कळलं ते रैतू बाजारात. वहिनी वांगी निवडत होत्या. सरूबाईंनी त्यांना ओळखलं, कारण सरांबरोबर स्कूटरवर त्यांना पाहिलेलं होतं.

"बाई, सायबाची नळी साफ झाली का?"

"कोणती नळी? बेसिनची?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या घरात बेसिन खरंच तुंबलं होतं.

"बेसिनची नाही वो माय. मानेतली! आमी सगळ्याईनं टीव्हीवर पायली ना!"

बाकीचं वहिनींनीच मला सांगितलं. त्यांनी वांगी तिथेच टाकली, घरी आल्या आणि पेपर वाचणाऱ्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "अहो, आख्ख्या गावानं तुमची मान आतून पाहिली, आणि मी बायको असून मला दाखवावीशी वाटली नाही?"

सर म्हणाले, "तुला काळजी वाटली असती."

"आता काय वाटतंय असं वाटतं तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. सरांनी त्या दिवशी बेसिन दुरुस्त केलं. नागपूरचं नाव काढलं नाही.

*

मग दुसऱ्या फेरीचे दिवस आले. त्याच माणसांचं रक्त पुन्हा मिळालं, तरच आमच्या अभ्यासाला अर्थ होता. आम्ही तामसीच्या त्या गावात पोचलो. समाजमंदिरात सतरंजी घातलेली, सगळे हजर, चहासुद्धा झालेला. सरांचा चेहरा खुलला.

रफीकभाईंनी पहिलं नाव पुकारलं. कुणी हललं नाही. दुसरं पुकारलं. शुकशुकाट. बायकांनी हात पदराखाली घेतलेले. पुरुषांपैकी काहींनी तर त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले होते आणि मनगटाची बटणंही लावली होती!

सरूबाई उठल्या. बाजारात वहिनींकडून त्यांना सगळं कळलेलं होतं. "सायेब, नागपूरले जाऊन आले का?"

"जाईन. हे काम झालं की जाईन."

"मंग रगतही तवाच भेटन."

सर चिडले. आम्ही त्यांना चिडलेलं फारसं पाहिलेलं नाही. "सरूबाई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे! तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं ना?"

"हौ, सांगतलं. उलट सांगू?" सरूबाईंनी पदर खोचला. "अंदरचा मानूस वाचवाले येते, आन आपनच त्याले हानतो. बरुबर? मंग तुमची बायको तुमाले वाचवाले येऊन राह्यली, मॅडम येऊन राह्यल्या, हे रफीकभाई येऊन राह्यले. तुमी कोनाले हानून राह्यले?"

सरूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"आन उद्या तुमीच खपले, तं आमच्या एवढ्या रगताचं काय करतीन हे लोकं? भरीत?"

समाजमंदिरात हसू फुटलं. सर मात्र भिंतीला टेकून बसले. मग त्यांनी रफीकभाईंना विचारलं, "नागपूरची बस किती वाजता असते?"

पोरंबाळं धरून सगळ्या गावानं एका आवाजात वेळ सांगितली.

*

आता नागपूर. मोठं हॉस्पिटल, गुळगुळीत फरशी, दाराला पहारेकरी. सर आत, डॉक्टर त्यांच्या मनगटातून तार घालून हृदयापर्यंत नेणार होते. बाहेर बाकावर वहिनी, मी आणि रफीकभाई. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. रफीकभाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होते. मी आतापर्यंत शेकडो लोकांना समजावलं असेल की यात घाबरण्यासारखं काही नाही. मी प्रचंड घाबरले होते.

तेवढ्यात जिन्याकडून गलका ऐकू आला. भाजीच्या टेम्पोतून आख्खं गाव उतरलं होतं! पुढे सरूबाई, हातात मेथीची जुडी. पहारेकऱ्यानं काठी आडवी घातली. "कुठं चालले? पेशंटचे कोण तुम्ही?"

"आमी पेशंटचे पेशंट," सरूबाई म्हणाल्या.

"एका पेशंटमागे एकच माणूस. नियम आहे."

"हौ ना बावा. आमच्या एवढ्या पेशंटाईमागं एकच मानूस हाये. तो तुमी अंदर नेला."

पहारेकरी विचारात पडला आणि काठी आपोआप खाली आली. सगळे येऊन फरशीवर बसले.

शेवटी दार उघडलं आणि मोठे डॉक्टर बाहेर आले. देह भारदस्त, कपाळावर घाम, दारापासून आमच्यापर्यंत येईस्तोवर दोनदा थांबले. "मोठा ब्लॉक होता," ते म्हणाले. "स्टेंट बसवला. रक्त छान वाहतंय. अजून थोडे दिवस काढले असते, तर मात्र अवघड होतं. वेळेवर आणलंत."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि हसत हसत रडल्या. मीही रडले, लपवलं नाही. रफीकभाईंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात.

सरूबाई मात्र डॉक्टरांकडे खालून वर, वरून खाली बघत होत्या. बाजारात वांगं पारखतात तशा.

"बावा," त्या म्हणाल्या, "तुमी सोताचं कवा पायलं?"

डॉक्टर हसले. "मला काय झालंय? मी रोज हेच काम करतो."

सरूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदर सावरला आणि गावाकडे एक नजर टाकली. उठायच्या तयारीत असलेलं सगळं गाव पुन्हा खाली बसलं, नीट मांडी घालून.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. फरशीवरच्या माणसांकडे पाहिलं. मग आपल्या ज्युनिअरला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "ते ट्रेडमिलचं मशीन आत्ता रिकामं आहे का रे?"